वऱ्हाडच्या उन्हाचा अदृश्य हिशेब

२५ मे २०२४ रोजी अकोला जिल्हा प्रशासनाने उष्णतेच्या लाटेमुळे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ लागू केले. एरवी दंगलीच्या आणि जमावाच्या प्रसंगी वापरायचे हे कलम त्या वेळी महिनाअखेरपर्यंत उन्हासाठी वापरावे लागले. कामगारांना पिण्याचे पाणी आणि पंखे पुरवा, खासगी शिकवण्या भर दुपारी घेऊ नका, असे त्या आदेशात होते. पारा तेव्हा ४५ अंशांच्या वर होता, आणि अकोल्याने ४७ अंशांच्या पुढचे दिवसही पाहिलेले आहेत. आदेश योग्यच होता. पण तो आदेश काय किंवा उन्हाळ्यात सुचवले जाणारे इतर बहुतेक उपाय काय, सगळे एकाच आकड्याभोवती फिरतात, आणि तो आकडा म्हणजे हवेचे तापमान. माझे म्हणणे असे की हा आकडा वऱ्हाडातल्या माणसाला होणाऱ्या तापाचा जेमतेम अर्धा हिशेब सांगतो. उरलेला हिशेब डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा आहे. ते किरण कोणता पदार्थ शोषतो, कोणता परत फेकतो आणि कोणता स्वतः बाहेर टाकतो, हे त्या पदार्थाच्या रंगाकडे पाहून ठरवता येत नाही; ते मोजावे लागते. ही गोष्ट सर्वांत स्वच्छपणे शिकवणारा पदार्थ अमरावती-अकोल्याच्या माणसाला फार दूरचा वाटेल. तो म्हणजे कार्बनच्या नॅनोनळ्यांची पातळ फिल्म. तिच्या अभ्यासातून निघणारे तत्त्व मात्र थेट आपल्या टिनाच्या छपराला लागू पडते.

आधी जाहीर होणाऱ्या आकड्याचे पाहू. हवामान खात्याचा तापमापक उघड्यावर टांगलेला नसतो. तो पांढऱ्या रंगाच्या, चारी बाजूंनी झडपा असलेल्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवलेला असतो. तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. तिचे कामच हे की वारा आत खेळावा, पण सूर्याचे आणि तापलेल्या जमिनीचे किरण तापमापकापर्यंत पोचू नयेत. म्हणजे आपण वर्तमानपत्रात वाचतो त्या तापमानातून किरणांचा भाग मुद्दाम वगळलेला असतो. दोन गावांची, दोन वर्षांची हवा ताडून पाहायची तर हे आवश्यकच आहे. पण माणूस त्या पेटीत राहत नाही. घरात हवा फारशी हलत नसेल, तर अंगाला जाणवणारी उष्णता ठरवण्यात हवेचा आणि भोवतालच्या भिंती-छपरांच्या तापमानाचा वाटा साधारण सारखाच असतो. उन्हात काम करणाऱ्यांसाठी १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षण छावण्यांत एक निर्देशांक तयार झाला आणि तो आज जगभर वापरला जातो. त्याचे दहा भाग केले तर सात भाग ओल्या फडक्याच्या तापमापकाचे, दोन भाग काळ्या गोलकाच्या तापमापकाचे आणि केवळ एक भाग साध्या हवेच्या तापमानाचा. काळा गोलक म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर व्यासाचा, बाहेरून मंद काळा रंग दिलेला तांब्याचा पोकळ गोळा. त्याच्या आतला तापमापक भोवतालच्या किरणांची तीव्रता सांगतो. ज्यांना जवानांचे जीव वाचवायचे होते त्यांनी किरणांना हवेच्या दुप्पट वजन दिले. आपल्या उन्हाळ्याच्या चर्चेत किरणांना जागाच नाही.

या वगळण्याची किंमत घराघरांत मोजावी लागते. अकोला-अमरावतीत कूलर ही चैन नाही, गरज आहे. वऱ्हाडची मे महिन्यातली हवा कोरडी असल्याने पाण्याच्या बाष्पीभवनाने ती चांगली थंड होते, आणि वाळ्याच्या ताट्यांपासून आजच्या कूलरपर्यंत सगळी युक्ती त्याच तत्त्वावर चालते. पण कूलर फक्त हवा थंड करतो. डोक्यावर टिन असेल तर ते दुपारी ६० अंशांपर्यंत सहज तापते. किरणांच्या दृष्टीने काळा असलेला ६० अंशांचा पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे सुमारे ७०० वॅट ऊर्जा खाली टाकतो. ३५ अंशांची आपली कातडी सुमारे ५१० वॅट परत टाकते. फरक जवळजवळ १९० वॅटचा, आणि तो सगळा अंगावर. कूलरने खोलीतली हवा ३० अंशांवर आणली तरी छताकडून येणारा हा मारा थांबत नाही, कारण हे किरण हवेला न तापवता तिच्यातून आरपार येतात. टिनाच्या घरात कूलर चालू असूनही माथा तापतो, त्याचे कारण यात आहे.

आता हे किरण कोणते ते नीट पाहायला हवे. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार किरण सोडत असते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअसचा, म्हणून त्याच्या प्रकाशाचा जोर अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास असतो, जिथे आपला डोळा पाहू शकतो. तापलेले छप्पर, जमीन, भिंत, माणूस यांचे किरण साधारण ९ ते १० मायक्रोमीटरला सर्वांत तीव्र असतात आणि तिथून दूर अवरक्ताच्या पट्ट्यात पार १०० मायक्रोमीटरपर्यंत पसरलेले असतात. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून पाडलेल्या रंगपटाच्या तांबड्या टोकापलीकडे तापमापक ठेवून अवरक्त किरण पहिल्यांदा ओळखले. पुढे १८६० च्या सुमारास किरखोफ यांनी एक नियम मांडला आणि तो या साऱ्या चर्चेचा कणा आहे: एखादा पदार्थ ज्या तरंगलांबीचे किरण जितके चांगले शोषतो, त्याच तरंगलांबीचे किरण तो तितकेच चांगले बाहेर टाकतो. या नियमात ‘त्याच तरंगलांबीचे’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. पदार्थ एका तरंगलांबीला काळा आणि दुसऱ्या तरंगलांबीला पांढरा किंवा पारदर्शक असू शकतो. एकाच पदार्थाचे काळेपण तरंगलांबीगणिक वेगळे असते, आणि डोळा त्यातला फक्त एक अरुंद पट्टा पाहतो.

काजळीचे उदाहरण घ्या. दिव्याच्या काजळीइतके काळे आपल्या रोजच्या पाहण्यात दुसरे काही नसते. एकोणिसाव्या शतकात किरणमापक उपकरणांना काजळीचाच लेप देत असत, कारण ती सगळे शोषते असा समज होता. पण तरंगलांबी वाढत जाते तशी काजळीची ही शक्ती घटत जाते. तिचा पातळ थर दूर अवरक्त किरणांना बऱ्याच अंशी आरपार जाऊ देतो. डोळ्याला ठार काळा दिसणारा लेप त्या पट्ट्यात काचेसारखा वागतो, आणि उपकरण कमी ऊर्जा दाखवते. अशी चूक किती महाग पडू शकते, हे बर्लिनच्या इतिहासातून कळते. तिथे १९०० साली रूबेन्स आणि कुर्लबाउम यांनी तापलेल्या पोकळीतून येणाऱ्या २४ आणि ५१ मायक्रोमीटरच्या किरणांची तीव्रता काळजीपूर्वक मोजली. तोवर प्रचलित असलेले सूत्र त्या मोजमापाशी जुळेना. त्याच ऑक्टोबरमध्ये माक्स प्लांक यांनी नवे सूत्र मांडले आणि त्यातून पुंजसिद्धांताचा जन्म झाला. दूर अवरक्तातले ते मोजमाप ढिसाळ असते, तर विसाव्या शतकाचे भौतिकशास्त्र निदान त्या वर्षी तरी सुरू झाले नसते.

नॅनोनळ्यांची फिल्म काजळीच्या नेमकी उलट वागते. कार्बनच्या अणूंची एकपदरी जाळी गुंडाळून सुमारे एक नॅनोमीटर व्यासाची नळी होते. जपानचे सुमिओ इजिमा यांच्या १९९१ च्या शोधनिबंधानंतर या नळ्यांकडे जगाचे लक्ष गेले, आणि दोन वर्षांत एकपदरी नळ्याही मिळाल्या. अशा नळ्यांचा काही दशक नॅनोमीटर जाडीचा जाळीदार थर काचेवर पसरला, तर तो डोळ्याला जवळपास पारदर्शक दिसतो. त्यातून पलीकडचे अक्षर वाचता येते. तोच थर दूर अवरक्त किरण मात्र जोरात शोषतो. कारण साध्या शब्दांत असे: दृश्य प्रकाश शोषताना इलेक्ट्रॉनाला एका ऊर्जापातळीवरून दुसऱ्या पातळीवर उडी मारावी लागते आणि ती ठरावीक रंगांनाच जमते. दूर अवरक्त किरणांचे विद्युतक्षेत्र इतके सावकाश बदलते की नळीतले मोकळे इलेक्ट्रॉन त्याच्याबरोबर पुढे-मागे धावू शकतात. धावताना ते अडखळतात आणि किरणांची ऊर्जा उष्णतेत बदलते. म्हणून इथे शोषण ठरते ते विद्युतवहनावरून, रंगावरून नव्हे. याचा एक अचूक हिशेबही आहे. अधांतरी ताणलेला अतिशय पातळ वाहक थर एका बाजूने पडणाऱ्या किरणांपैकी निम्म्याहून अधिक शोषू शकत नाही, आणि तो निम्म्यापर्यंत पोचतो जेव्हा त्याचा पृष्ठरोध सुमारे १८८ ओहम असतो. रोध त्याहून फार कमी झाला तर थर आरशासारखा परावर्तन करू लागतो. फार वाढला तर किरण आरपार जातात. चांगला शोषक होण्यासाठी फार चांगला वाहक असूनही चालत नाही आणि वाईट वाहक असूनही चालत नाही.

याच फिल्मच्या शोषणात एक कोडे होते. साधारण ४ टेराहर्ट्झच्या आसपास, म्हणजे ७५ मायक्रोमीटरच्या परिसरात, शोषणाचे एक रुंद शिखर दिसे. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून त्याची दोन स्पष्टीकरणे एकमेकांसमोर उभी होती. एक असे की धातूसारख्या म्हणवणाऱ्या नळ्यांतही वक्रतेमुळे अगदी लहान ऊर्जाफट पडते आणि शिखर त्या फटीवरून मारलेल्या उडीचे आहे. दुसरे असे की नळीची लांबी मर्यादित असल्याने आतले इलेक्ट्रॉन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सामूहिकपणे हिंदकळतात, परातीतले पाणी हलवल्यावर हिंदकळते तसे. लहान परातीत पाणी भराभर हिंदकळते, मोठ्या परातीत सावकाश. तसेच नळी आखूड असेल तर शिखर वरच्या वारंवारतेला जायला हवे. दोन्ही स्पष्टीकरणे कागदावर सुसंगत होती आणि दोहोंच्या बाजूने नामवंत लोक होते. वाद सुटला तो वेगवेगळ्या प्रकारच्या नळ्या अलग करून त्यांच्या फिल्म बनवता आल्यावर. अमेरिकेतील राइस विद्यापीठातील जुनिचिरो कोनो यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले की हे शिखर सामूहिक हिंदकळण्याचेच आहे. ते धातुगुणी नळ्यांत दिसते, आणि ज्यांत बाहेरून भार मिसळला आहे त्या अर्धवाहक नळ्यांतही दिसते. वक्रतेची लहान फट नसलेल्या नळ्यांतही शिखर येते, याचा अर्थ ते फटीचे असू शकत नाही. पुढे नळ्यांची लांबी बदलून केलेल्या मोजमापांत शिखरही अपेक्षेप्रमाणे सरकले. एकाच दिशेने रचलेल्या नळ्यांच्या फिल्मने आणखी एक पुरावा दिला: किरणांचे क्षेत्र नळ्यांच्या दिशेने असेल तर शोषण भरपूर, आडवे असेल तर जवळजवळ शून्य.

मी या वादावर इतका थांबलो त्याला कारण आहे. दोन्ही ठिकाणी अणू तेच, कार्बनचेच. काजळी दूर अवरक्तात दुबळी आणि नॅनोनळी समर्थ. नळी तीच, पण लांबी बदलली की शोषणाची जागा बदलते. दिशा बदलली की शोषण नाहीसे होते. म्हणजे पदार्थाचे नाव आणि त्याचा रंग या दोहोंवरून त्याचे किरणांशी वागणे सांगता येत नाही. ते ठरते त्याच्या रचनेवर, जाडीवर, वाहकतेवर आणि तरंगलांबीवर. म्हणूनच जिथे अंदाज चालत नाही अशा उपकरणांत या पदार्थाला जागा मिळाली. उभ्या नळ्यांचे दाट, पण बव्हंशी पोकळ असे रान वाढवले तर किरण आत शिरतात आणि परतायला वाट उरत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत अशा थराचे दृश्य प्रकाशातले परावर्तन अवघे ०.०४५ टक्के मोजले गेले. २००९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले की एकपदरी नळ्यांचे असे रान अतिनील किरणांपासून दूर अवरक्तापर्यंत, ०.२ ते २०० मायक्रोमीटरच्या संपूर्ण पट्ट्यात, ९८ ते ९९ टक्के शोषण करते. नोव्हेंबर २०१६ मध्ये अंतराळात गेलेल्या ‘रावन’ नावाच्या छोट्या अमेरिकी उपग्रहाच्या किरणमापकात उभ्या नळ्यांचे असेच रान शोषक म्हणून होते. पृथ्वी अंतराळात किती उष्णता परत टाकते हे मोजण्याच्या तंत्राची ती चाचणी होती. सूर्याकडून सरासरी चौरस मीटरमागे सुमारे ३४० वॅट येतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ऊर्जेतली तफावत जेमतेम एका वॅटच्या आसपास आहे. जगाच्या तापण्याचा सारा प्रश्न त्या तफावतीत आहे. पृथ्वीवरून बाहेर पडणाऱ्या उष्णतेपैकी जवळजवळ निम्मी दूर अवरक्त पट्ट्यात जाते, आणि तरीही या पट्ट्याचे ध्रुवीय प्रदेशांवरून पद्धतशीर मोजमाप नासाच्या ‘प्रीफायर’ या जुळ्या उपग्रहांनी २०२४ मध्ये सुरू केले.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. वऱ्हाडातला शेतकरी कापसाच्या भावाने आणि पावसाच्या खंडाने मेटाकुटीला आलेला. त्याला परदेशातल्या प्रयोगशाळांतल्या नळ्यांचे काय? उत्तर हे की नॅनोनळ्या वऱ्हाडच्या छपरावर लावायच्या नाहीतच. त्यांचे दाट रान सगळ्या पट्ट्यांत काळे असते, आणि छपराला असे सर्वभक्षी काळेपण घातक आहे. छपराला हवी आहे दुहेरी वृत्ती: सूर्यप्रकाशाला पांढरे, म्हणजे ऊन परत फेकणारे, आणि अवरक्ताला काळे, म्हणजे स्वतःची उष्णता आकाशाकडे भरभरून टाकणारे. नॅनोनळ्यांवरून शिकलेला नियम हाती असला की असा पदार्थ आपल्या जवळच आहे हे दिसते, आणि तो म्हणजे चुना. वाळलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट होतो. चांगल्या पांढऱ्या थरावर पडलेल्या उन्हापैकी सुमारे ८० टक्के तो परत फेकतो. त्याच वेळी कार्बोनेटमधली अणूंची स्पंदने अवरक्त किरण जोरात शोषतात, म्हणून किरखोफच्या नियमाने ती तितक्याच जोरात बाहेरही टाकतात; डोळ्याला पांढराशुभ्र चुना अवरक्तात जवळपास काळा आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये भर उन्हात हवेपेक्षा थंड राहणारा पांढरा रंग तयार केला, ज्याने ९५ टक्क्यांहून अधिक ऊन परतवले. त्याचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेटच होता.

टिनाचे गणित याच्या उलट आहे. नवे, चमकणारे जस्ताचे टिन डोळ्याला थंड वाटते, कारण ते लखलखते. पण ते उन्हाचा बराच भाग शोषते आणि धातू असल्याने अवरक्तात फार कमी उत्सर्जन करते. घेतलेली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे वाट नसते. जुने, गंजलेले टिन उष्णता बाहेर टाकू लागते, पण ते ऊनही कितीतरी जास्त शोषते आणि खालच्या बाजूने घरातल्या माणसांवरही तेवढ्याच जोराने किरण सोडते. यातून एक निष्कर्ष सरळ निघतो: टिनाच्या दोन बाजूंना दोन वेगळे स्वभाव हवेत. वरची बाजू पांढरी आणि अवरक्तात काळी. खालची बाजू मात्र अवरक्तात उत्सर्जन न करणारी, म्हणजे चमकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याने किंवा कागदाने झाकलेली. बाजारात मिळणाऱ्या या दोन वस्तूंचे काम समजायला तरंगलांबीचा हिशेब लागतो. रंगाचा किंवा चमकेचा नुसता भरवसा धरला तर चमकती बाजू वर ठेवून मंद बाजू खाली ठेवण्याची चूक होते.

दुसरा आक्षेप परंपरेच्या बाजूने येईल: आपल्या धाब्याच्या घरांना हे सगळे आधीच माहीत होते, त्यासाठी किरखोफ कशाला? धाब्याच्या घराची जाड मातीची पाठ दुपारची उष्णता आत पोचायला संध्याकाळ करते, तोवर माणसे अंगणात बाज टाकतात. कोरड्या, निरभ्र आकाशात ८ ते १३ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात हवा जवळपास पारदर्शक असते; अंगणात झोपणाऱ्याची आणि धाब्याची उष्णता त्या खिडकीतून थेट वर जाते. हे सगळे खरे. पण त्या घरांचे श्रेय द्यायचे तर नेमके द्यावे. त्यांची मुख्य शक्ती मातीच्या वजनात होती, आणि ती शक्ती टिनाच्या घरात उसनी आणता येत नाही. लोकांनी धाबे आणि कवेलू सोडून टिन घेतले ते मूर्खपणाने नव्हे. धाबे दर पावसाळ्याआधी राखावे लागते, गळते, पडते. कवेलू दरवर्षी फेरावे लागतात आणि ते काम करणारी माणसे मिळत नाहीत. टिन स्वस्त, हलके आणि टिकाऊ आहे. जुन्याकडे परत जा असे सांगणे म्हणजे गरिबाला न परवडणारा सल्ला देणे होय. टिन राहणार हे गृहीत धरून त्याचा स्वभाव बदलणे हाच व्यवहार्य मार्ग आहे, आणि स्वभाव बदलायचा तर तो आधी समजला पाहिजे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि त्यातले तथ्य मान्य केलेच पाहिजे. गुळगुळीत टिनावर साधा चुना नीट धरत नाही, पोपडे सुटतात. वऱ्हाडच्या काळ्या मातीची धूळ पांढऱ्या छपरावर बसते आणि परावर्तन घटते. पावसाळा उरलेसुरले धुऊन नेतो. म्हणून टिनासाठी चिकटणारा पांढरा रंग आणि सिमेंटच्या स्लॅबसाठी चुना, असा भेद करावा लागेल. रंगसफेदीची वेळही बदलावी लागेल. आपल्याकडे ती दिवाळीच्या आधी होते. उन्हासाठी ती होळीच्या सुमारास व्हायला हवी, म्हणजे थर सर्वांत शुभ्र असेल तेव्हा उन्हाळा सुरू होईल. थर दरवर्षी द्यावा लागतो, हा दोष आहे. पण वाहून गेलेला थर पुढच्या वर्षी देण्याचा खर्च कूलरच्या एका हंगामाच्या विजेशी आणि पाण्याशी ताडून पाहावा, विशेषतः जिथे उन्हाळ्यात पाणी दिवसाआड येते तिथे. हिवाळ्यात घर जास्त थंड होईल ही शंकाही चुकीची नाही. मात्र वऱ्हाडात उन्हाचा त्रास मार्च ते जून आणि पुन्हा ऑक्टोबरात होतो, थंडीचा त्रास काही आठवडे आणि मुख्यतः रात्री. आणि थंडीवर अंगावर एक पांघरूण वाढवता येते, ४५ अंशांवर अंगावरून काढायला काही उरत नाही.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: बाहेर हवाच ४५ अंशांची असेल तर छप्पर कितीही सुधारा, माणूस वाचेल कसा? हे मान्य की छप्पर लूचा वारा थांबवत नाही, आणि शेतात राबणाऱ्या मजुराला छप्परच नाही. म्हणून पाणी, सावली, कामाच्या बदललेल्या वेळा आणि दवाखान्यातली तयारी यांना पर्याय नाही. पण उष्माघाताचा धोका एका दुपारचा नसतो. रात्री शरीराला विसावा मिळाला नाही तर तो दिवसागणिक साचत जातो. म्हातारी माणसे, तान्ही मुले, आजारी माणसे दुपारभर आणि रात्रभर छपराखालीच असतात. नवतप्याच्या दिवसांत त्यांच्या डोक्यावरचा १९० वॅटचा मारा निम्म्यावर आला, तर हवेचा आकडा तोच राहूनही त्यांचा जीव वाचू शकतो. हवेचे तापमान कमी करणे जिल्हा परिषदेच्या हातात नाही. छपराचा रंग आहे.

या समजुतीच्या अभावाचा फायदा घेणारेही आहेत. ‘दूर अवरक्त किरणांनी’ रक्त शुद्ध करणाऱ्या गाद्या, पट्टे आणि कडी गावोगाव विकली जातात. ३५ अंशांची प्रत्येक वस्तू, अगदी मातीचे ढेकूळही, दूर अवरक्त किरण सोडतेच. त्यासाठी हजारो रुपये मोजण्याची गरज नाही. मोजमापाच्या साधनांतही हीच फसगत आहे. कोरोनाच्या काळात घरोघरी पोचलेली कपाळाचे तापमान दाखवणारी बंदूक माणसाच्या कातडीसाठी बनवलेली असते, आणि छपरे-भिंती मोजण्यासाठी मिळणाऱ्या तशाच स्वस्त बंदुकाही समोरचा पृष्ठभाग अवरक्तात जवळपास काळा आहे असे धरून चालतात. अशी बंदूक चमकत्या टिनावर रोखली तर ती टिनाचे तापमान खूप कमी दाखवते, कारण टिन कमी उत्सर्जन करते. साधन चुकत नाही, ते जे गृहीत धरते ते चुकते. पदार्थाचे उत्सर्जन ठाऊक नसेल तर हातात साधन असूनही आकडा खोटा येतो.

म्हणून हे काम वऱ्हाडातच व्हायला हवे, आणि त्यासाठी संस्था इथे आहेत. अमरावतीला १९२३ मध्ये किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेली शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था आहे, १९८३ पासून संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ आहे. अकोल्याला १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. मोठे काम महागड्या वस्तूंपासूनच होते हा समज सोडून द्यायला हवा. मुंबईच्या आयआयटीतील महेश्वर शरॉन यांच्या गटाने १९९४ मध्ये कापराच्या काजळीतून फुलरीन हे कार्बनचे गोल रेणू मिळवले. पुढे कापरापासून नॅनोनळ्याही बनवल्या गेल्या. देवघरातल्या वस्तूपासून जागतिक दर्जाचे विज्ञान होते, तर टिनाच्या छपरापासून ते होणार नाही असे म्हणायला आधार नाही. गरज आहे ती टिन, कवेलू, स्लॅब, धाबे, चुना, बाजारातले पांढरे रंग, धूळ बसलेले आणि पावसाने धुतलेले अशा आपल्याच पृष्ठभागांच्या मोजमापाची: ऊन किती परतवतात आणि अवरक्तात किती सोडतात, वर्षभर, महिन्यागणिक. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला हा प्रबंधाचा विषय आहे आणि त्याचा निकाल ग्रामपंचायतीच्या ठरावात उतरू शकतो. अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरण जाहीर केले. वऱ्हाडाने त्यांची नक्कल न करता स्वतःच्या आकड्यांवर उभे राहिलेले धोरण करावे.

माझी मागणी तीन गोष्टींपुरती आहे. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत उन्हाळ्यात हवेच्या तापमानाबरोबर काळ्या गोलकाचे तापमानही रोज जाहीर व्हावे. जिल्हा परिषदेच्या शाळा, अंगणवाड्या, एसटीची बसस्थानके आणि बाजार समित्यांची टिनाची शेड यांची छपरे दर मार्चमध्ये पांढरी व्हावीत आणि घरकुलाच्या आराखड्यात टिनाच्या दोन्ही बाजूंची अट लिहिली जावी. आणि इथल्या विज्ञान विभागांनी आपल्या गावच्या पृष्ठभागांची अवरक्त मोजमापे करून ती मराठीत प्रसिद्ध करावीत. वाचकाने यातले एक काम कोणाची वाट न पाहता करावे: येत्या होळीआधी आपल्या, आणि जमल्यास शेजारच्या म्हाताऱ्या माणसाच्या, छपराला पांढरा थर द्यावा.